चौथा प्लॉट

फवारणीच्या रजिस्टरची पानं छापील नंबरांची असतात. पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. चूक झालीच तर तिच्यावर एक सरळ रेघ मारायची. रेघेखालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. शेजारी सही आणि तारीख टाकायची. हे नियम साधनाने घरात आणले होते. अकरा वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली तेव्हा तिचे सासरे, लहानूअप्पा, कुठलं औषध कधी मारलं ते पंपाच्या टाकीवर खडूने लिहून ठेवत, आणि पुढच्या फवारणीला ते धुऊन जाई.

नऊ जानेवारीला दुपारी ती ओट्यावर रजिस्टर घेऊन बसली. सकाळी दोन नंबरच्या प्लॉटवर भुरी रोगासाठी गंधक मारलं होतं, त्याची नोंद राहिली होती. तिने सत्तेचाळिसावं पान उघडलं. तिच्या शेवटच्या ओळीखाली अप्पांचं अक्षर होतं. मोठं, डावीकडे कललेलं, प्रत्येक रकान्यात नीट बसवलेलं.

तारीख : २ जानेवारी. प्लॉट : ४, शेखर. औषध : फिटची गोळी, दोन वेळ. शेवटची मात्रा : १ जाने. रात्री. पीएचआय : ३० दिवस. सॅम्पल : १ फेब्रु.

त्यांच्याकडे द्राक्षाचे प्लॉट तीनच होते. शेखर तिचा नवरा होता.

त्याच्याखाली पेन्सिलीने आणखी दोन ओळी होत्या, एक सासूबाईंची, एक मधुमेह असलेल्या अप्पांची. प्लॉट ५, नवसाबाई, बीपीची गोळी. प्लॉट ६, लहानू, साखरेची गोळी. दोन्हींच्या पुढे लिहिलं होतं, ‘चारचं सॅम्पल झाल्यावर’.

तिने ते दोनदा वाचलं. मग बोटांवर दिवस मोजले. आठ झाले होते.

पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी आणि माल तोडणं यांच्यात सोडायचे दिवस. तेवढ्या दिवसांत मण्यातला औषधाचा अंश उतरतो, मग लॅबवाले नमुना नेतात आणि तो पास झाला तर माल बाहेरच्या देशात जातो. हे अप्पांना तिनेच शिकवलं होतं. कॅलेंडरच्या पाठीमागे आलेख काढून दाखवला होता : इतक्या दिवसांत अर्धा, पुन्हा तितक्याच दिवसांत त्याच्या अर्धा. सातवी शिकलेल्या अप्पांनी तो कागद समोर धरून बराच वेळ पाहिला होता आणि म्हणाले होते, “म्हंजे संपत कधीच नाय. फक्त पकडता येत नाय.” बीएस्सीला तिच्या वर्गात इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं. तेव्हापासून या घरचा एकही नमुना नापास झाला नव्हता.

आज सकाळी शेखरच्या हातून चहाचा कप पडला होता. लक्ष कुठंय तुमचं, असं ती त्याला म्हणाली होती.

ती उठून खोलीत गेली. कपाटाच्या खणात गोळ्यांचं पाकीट नव्हतं. ते कुठे असणार हे तिला कळलं. विहिरीजवळ पत्र्याची खोली होती, फवारणीची औषधं तिथे कुलपात ठेवावी लागत, आणि किल्ली अप्पांच्या करगोट्याला असे.

*

संध्याकाळी शेखर ट्रॅक्टरला जोडायच्या फवारणीच्या ब्लोअरचे नोझल धूत होता. सहा वर्षांपूर्वी शिरवाड्याच्या वळणावर मोटरसायकलवरून पडून त्याच्या डोक्याला मार लागला होता. त्यानंतर फिट यायला लागल्या. नाशिकच्या डॉक्टरांनी गोळी बसवली आणि गेली चार वर्षं एकही आली नव्हती.

“गोळी बंद केली तुम्ही,” साधना म्हणाली.

“कोण म्हणलं?”

“रजिस्टरला नोंद आहे.”

तो हसला. “अप्पा पण ना. लिहायची काय गरज होती?” नोझलमध्ये फुंकर मारून त्याने ते उजेडात धरलं. “तुला सांगणार होतो. तू भांडशील म्हणून थांबलो.”

“आठ दिवस झालेत.”

“मग? झालं का काही? नाय ना.”

“कप पडला सकाळी.”

“गरम होता.”

ती त्याच्या उजव्या हाताकडे पाहत राहिली. हात स्थिर होता. नखांत गंधकाची पिवळी रेघ होती.

“साधना, सहा वर्षं झाली,” तो म्हणाला. आवाज खाली आला होता. “सायलीच्या शाळेत गेलो तरी आधी खिसा चाचपतो. कुणाच्या हळदीला गेलो तर नऊ वाजता कुणीतरी म्हणतंच, याला झोपू द्या रे, याला जागरण चालत नाय. पोरं हसतात. एक महिना बघू दे मला. मग रक्त तपासू. क्लीन आलं तर बंद, नाय आलं तर चालू. अप्पांनी हिशोबात बसवलंय सगळं.”

“रक्तात औषध सापडलं नाही तर रक्त क्लीन होत नाही. रक्तात औषध नाही, एवढंच होतं. त्या औषधानेच तर थांबलंय सगळं.”

“ते म्हणत होते, महिन्याभरात शरीर आपलं आपण सांभाळायला शिकतं.”

‘ते’ म्हणजे कोण, हे या घरात कुणाला विचारावं लागत नसे.

*

ते रोज सकाळी सव्वाआठला टीव्हीवर यायचे. पांढरं जाकीट, पुढे कपात पेन. नावाखाली ‘ज्येष्ठ विश्लेषक’ अशी पट्टी असायची. निवडणूक, सोनं, कांदा, शेजारच्या देशातली लढाई, गुडघेदुखी, सगळ्यावर ते त्याच आवाजात बोलत. घरात त्यांना जाकीटवाले म्हणत, पण एकेरी कुणी बोलत नसे.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्यांनी सांगितलं होतं की चार दिवसांत उत्तर महाराष्ट्रात गारा पडतील. अप्पांनी पंधरा मजूर जादा लावून एक नंबरचा प्लॉट दोन दिवसांत उतरवला. तिसऱ्या दिवशी गारा पडल्या. शेजारच्या तीन बागा झोपल्या. अप्पा त्या बागांतून फिरून आले आणि हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसले, ते बसणं निराळं होतं.

त्या हंगामात साधनाने एका वहीत जाकीटवाल्यांची विधानं लिहून ठेवली होती. एकतीस. त्यातली चार खरी ठरली, नऊ खोटी ठरली, उरलेल्या अठरांचं खरं-खोटं करता येण्यासारखं काही नव्हतं. ती वही अजून माळ्यावर होती. ती कुणी पाहायला मागितली नव्हती. गेल्या डिसेंबरअखेर जाकीटवाले म्हणाले होते की रोजच्या गोळ्यांचा अंश अंगात साठतो, त्या महिनाभर बंद करून पाहा.

दहा जानेवारीला ती मुलीला, सायलीला, शाळेच्या बसवर सोडून लगेच परत फिरली. एरवी ती तशीच मळ्यात जायची, त्यामुळे सव्वाआठला घरात काय चालतं हे तिला फारसं माहीत नव्हतं. अप्पा खुर्चीत, सासूबाई खाली भाजी निवडत, शेखर दाराला टेकून चहा पीत. टीव्हीवर जाकीटवाले सोन्यावर बोलत होते. ती जाहिरात लागेपर्यंत थांबली.

“अप्पा, शेखरची गोळी चालू करायची आहे. डॉक्टरांना फोन केला मी. ते म्हणाले, ही गोळी एकदम बंद करत नाहीत. आजच सुरू करा म्हणाले.”

“ते म्हणणारच,” अप्पा म्हणाले. चिडून नाही, समजावून. “ह्यांनी सांगितलं होतं ना आधीच. तुमचा डॉक्टर घाबरवेल, म्हणले. आता तसंच झालं का नाय?”

“अप्पा, द्राक्षावर मारतो ते औषध द्राक्षाच्या उपयोगाचं असतं, खाणाऱ्याच्या नाही. म्हणून ते उतरवायचं. ही गोळी खाणाऱ्यासाठीच आहे. ती उतरली की—”

“मण्यात राह्यलं तर खाणाऱ्याला बाधतं. हितं खाणारा आन मणी एकच हाय. मग दुप्पट बाधत असंल.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तूच काढून दाखवलं होतंस ना ते? अर्ध्याचं अर्धं. सहा वर्षं रोज दोन गोळ्या. किती साठलं असंल, सांग बरं.”

ते साठत नाही, रोज घेतली तरी एका पातळीला येऊन थांबतं, हे तिला माहीत होतं. त्याचाही आलेख काढता आला असता. पण तिने तोंड उघडायच्या आत जाहिरात संपली आणि अप्पांनी हात वर केला. त्या हातात राग नव्हता. देवळात आरती सुरू झाल्यावर बोलणाऱ्याला करतात तसा केला होता.

“मी पण बंद करणारे ना गं,” सासूबाई खालून म्हणाल्या. नवसाबाईंच्या बोटांना मेथीचा हिरवा रंग लागला होता. “एकट्या शेखऱ्याला थोडंच सांगितलंय. पाळीपाळीनं सगळेच.”

दुपारी साधना पिंपळगावला जाऊन नवीन पाकीट घेऊन आली. शेखरने ते बघितलं, घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं, वरून बटण लावलं. रात्री तिने शर्ट खुंटीवरून काढून पाहिला. दहाच्या दहा गोळ्या जागेवर होत्या. दुसऱ्या दिवशीही दहा होत्या.

*

मण्यात पाणी उतरायला लागलं होतं. हिरवा गच्च मणी मऊ पडून आतून दिसायला लागतो तो हा काळ. घडांना कागद लावायचं काम चालू होतं. हरसूलकडचे चौदा मजूर विहिरीशेजारच्या शेडमध्ये राहत होते, त्यांचा मुकादम झिपरू. तो पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. कागद कसा गुंडाळला हे तो न बघता नुसत्या बोटाने तपासायचा.

तेरा तारखेला तो साधनाजवळ येऊन उभा राहिला. हातात पिनांचं यंत्र होतं, ते उघडझाप करत राहिला.

“काय झिपरूभाऊ?”

“ताई, दादाचा अंगठा उडतो.”

“कधी पाहिलंत?”

“काल दोनदा. आज कातर पडली खाली. त्याला कळलं नाय, मी उचलून दिली.” मग जरा थांबून, “माझ्या भावाचा असाच उडायचा.”

भावाचं पुढे काय झालं, हे तिने विचारलं नाही.

शेखर तेव्हा ब्लोअर जोडून ट्रॅक्टर चालू करत होता. तीन नंबरच्या प्लॉटच्या टोकाला शेततळं आहे. वळण घेताना मागचं चाक काठाच्या दोन हातांवरून जातं. ती चालत गेली. ट्रॅक्टरच्या पायरीवर चढली, हात पुढे घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. इंजिन बंद झालं तेव्हा ओळींतल्या कागदांची सळसळ ऐकू यायला लागली.

“दे,” शेखर म्हणाला.

“नाही.”

“साधना, माणसं बघतायत.”

“बघू देत. गोळी घ्या, किल्ली घ्या.”

तो खाली उतरला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एका बाईने कागदाआड तोंड करून दुसरीला काहीतरी म्हटलं आणि दोघी गप्प झाल्या. तो त्यांच्या मधून, कुणाला धक्का लागू नये अशा बेताने अंग चोरून, घराकडे गेला.

त्या दिवसापासून ब्लोअर अप्पा चालवायला लागले. अडुसष्टाव्या वर्षी, डोक्याला उपरणं गुंडाळून. ट्रॅक्टरची किल्ली साधना त्यांना फवारणीपुरती देई आणि परत घेऊन कमरेला खोवी. साधनाशी ते पूर्वीसारखेच बोलत होते. शेखर बोलत नव्हता. ताटात भाकरी संपली तर तो सायलीला म्हणायचा, “आईला सांग.” सायली नऊ वर्षांची होती. ती एकदा म्हणाली, “आई इथंच आहे ना, पप्पा.”

*

संक्रांतीला नणंद आली. मोहिनीला पिंपळगावातच दिलं होतं. तिचा नवरा ललित द्राक्षाच्या टेम्पोंचं काम बघायचा. तिळगूळ वाटून झाल्यावर पाटावर बसता बसता मोहिनीने विषय काढला. तो काढायला तिला कुणी सांगितलं होतं हे साधनाला भाजी वाढताना नवसाबाईंच्या मान खाली घालण्यावरून कळलं.

“वहिनी, तुम्ही दादाची किल्ली काढून घेतली म्हणे. माणसांसमोर.”

“घेतली.”

“बायकोनं नवऱ्याच्या हातातून किल्ली घ्यायची म्हणजे...” ललित म्हणाला आणि तिळाच्या वडीचा तुकडा दाढेत अडकल्यामुळे थांबला. “आमच्याकडं झालं असतं तर मी टेम्पोच विकून टाकला असता.”

“तुम्ही आधी हप्ते फेडा टेम्पोचे,” मोहिनी म्हणाली. सगळे हसले, शेखरही हसला. मग ती पुन्हा साधनाकडे वळली. “मी काय म्हणते वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात, मी नाय म्हणत नाय. पण ते टीव्हीवर बसतात म्हणजे कुणीतरी तपासूनच बसवलं असेल ना त्यांना? आपल्या घडाला दहा जण तपासतात. मग अख्ख्या महाराष्ट्राला सांगणारा माणूस काय बिनतपासाचा असेल?”

साधनाच्या हातात पळी होती. तिने ती पातेल्यात परत ठेवली. मोहिनीचं चुकत नव्हतं; असं असायला हवं होतं. कुणीतरी तपासायला हवं होतं.

शेखरने पुरणपोळीचा घास मोडला. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा दोनदा, तीनदा आत ओढला गेला. त्याने डावा हात त्याच्यावर ठेवला आणि समोर बघत राहिला. तिच्याशिवाय ते कुणी पाहिलं नाही. नाही, अप्पांनी पाहिलं. त्यांनी लगेच नजर वाटीत घातली आणि म्हणाले, “कढी झकास झालीय.”

*

अठरा तारखेपासून थंडी वाढली. निफाडकडे पारा पाचावर आला. मण्यात पाणी उतरलेलं असताना अशी थंडी पडली की साल तडकते आणि तडकलेला घड म्हणजे गेलेला घड. पहाटे ठिबक चालू करून जमीन ओली ठेवायची आणि ओळींच्या तोंडाशी शेकोट्या पेटवून धूर धरायचा, एवढंच हातात असतं.

एकोणीसला साडेपाचला सगळे बाहेर होते. गोवऱ्या, छाटणीच्या काड्या, वरून ओला पाला, म्हणजे आग कमी आणि धूर जास्त. दोन नंबरला बावीस शेकोट्या होत्या. दव इतकं होतं की घडांवरचे कागद भिजून मऊ पडले होते. साधनाने शेखरला दोनदा सांगितलं, तुम्ही ठिबककडे जा. त्याने ऐकलं नाही. तो काठीने शेकोट्या उकरत एकीकडून दुसरीकडे जात होता. चार दिवसांत त्याची झोपही नीट झाली नव्हती. अंथरुणात तो कूस बदलत राहायचा आणि ती ते मोजत राहायची.

ती चौथ्या ओळीत होती. काठी पडल्याचा आवाज आला. मग एक आवाज आला, माणसाचा, पण बोलल्याचा नाही. छातीतली हवा एकदम बाहेर ढकलल्यासारखा.

ती धावली. धुरातून आधी झिपरू दिसला. तो शेखरचे दोन्ही पाय धरून मागे ओढत होता. शेखरचा डावा हात कोपरापर्यंत शेकोटीतून बाहेर आला, स्वेटरची बाही वितळून धागे लोंबत होते. अंग ताठ होतं, मग हलायला लागलं. टाच जमिनीवर आपटत होती, एका लयीत, ओल्या मातीत खड्डा पाडत.

तिने घड्याळ पाहिलं. पाच सत्तावन्न. त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली शाल सारली. नवसाबाई कुठून तरी फोडलेला कांदा घेऊन आल्या आणि त्याच्या नाकाकडे नेऊ लागल्या. साधनाने त्यांचा हात धरून ठेवला. तो हात बर्फासारखा गार होता. तिने तो सोडला नाही.

“कुणी धरू नका त्यांना. नुसतं आगीपासून लांब राहू द्या.”

दोन मिनिटं चाळीस सेकंद. मग अंग सैल पडलं. तोंडाच्या कडेला फेस, त्यात थोडं रक्त. त्याने डोळे उघडले, पण ते कुणाकडे बघत नव्हते.

अप्पा फावडं घेऊन उभे होते. ते एक पाऊलही पुढे आले नव्हते. त्यांचे ओठ हलत होते. साधनाला वाटलं, देवाचं नाव घेतायत.

“निघतंय ते,” ते म्हणत होते. “म्हणले होते ते. निघताना अंग हलवतं. निघतंय.”

झिपरू त्यांच्याकडे वळला. जळका धागा त्याच्या बोटाला चिकटला होता. “अप्पा,” तो म्हणाला, “ती फिट हाय.”

*

पिंपळगावच्या दवाखान्यात हाताला पट्टी बांधली, सुईतून औषध दिलं, नाशिकच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी केसपेपर लिहिता लिहिता विचारलं, “गोळी कुणी बंद केली?”

शेखर भिंतीकडे तोंड करून पडला होता. साधनाने अप्पांकडे पाहिलं. अप्पा टोपी मुठीत धरून उभे होते.

“घरात ठरलं होतं,” ते म्हणाले.

“कुणाच्या सांगण्यावरून?”

 अप्पांना नाव सांगता येईना. आपण रोज ऐकतो त्या माणसाचं नाव त्यांना त्या क्षणी आठवत नव्हतं, की तिथे उच्चारावंसं वाटत नव्हतं, हे साधनाला कळलं नाही. “ते... टीव्हीवर असतात,” एवढं म्हणाले आणि डॉक्टरबाईंनी मान वर केली तेव्हा टोपी डोक्यावर घातली.

त्याच दुपारी शेखरने गोळी घेतली. पाणी साधनाने दिलं. पेला परत देताना तो म्हणाला, “माणसं होती का तिथं?”

“झिपरूभाऊच होते जवळ.”

“आणि बाकीचे?”

“धूर होता,” ती म्हणाली.

पुढचे तीन दिवस अप्पा आठ वाजल्यापासूनच टीव्हीसमोर बसत. मळ्यात जाईनात. “आज सांगतील,” ते नवसाबाईंना म्हणत. “अशी फिट आली तर पुढं काय करायचं, ते सांगणारच. मधेच सोडणारा माणूस नाय तो.” पहिल्या दिवशी जाकीटवाले लढाईवर बोलले. दुसऱ्या दिवशी सोन्यावर. तिसऱ्या दिवशी मुलांच्या परीक्षांवर. पडद्यावर नंबर यायचा तो अप्पांनी सायलीकडून कागदावर लिहून घेतला आणि लावला. बराच वेळ गाणं वाजलं. ते फोन कानाला धरून, समोर त्याच माणसाला बोलताना पाहत, उत्तराची वाट बघत बसले. मग गाणंही बंद झालं.

चौथ्या दिवशी ते पत्र्याच्या खोलीत गेले आणि जुनं पाकीट घेऊन आले. त्याला औषधांचा वास लागला होता. शेखरच्या ताटाशेजारी ठेवलं आणि ब्लोअर जोडायला गेले.

“हे नको,” साधना शेखरला म्हणाली. “फवारणीच्या औषधांत राहिलंय.” तिने ते उचललं आणि नवं पुढे ठेवलं. ट्रॅक्टरची किल्ली कुणी परत मागितली नाही. ती अजून तिच्या कमरेला होती.

*

एक फेब्रुवारीला उजाडताच लॅबचा माणूस आला. मयूर नावाचा, पाठीला पिशवी, हातात मोजे. तिन्ही प्लॉटमधून फिरून त्याने घड तोडले, पिशव्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि ओट्यावर येऊन रजिस्टर मागितलं. थंडीने शंभरातला एक घडसुद्धा तडकला नव्हता. तो पानं उलटत गेला आणि सत्तेचाळिसाव्यावर थांबला.

“प्लॉट चार? तुमचे तर तीनच रजिस्टर्ड आहेत.”

साधना चहा घेऊन येत होती. ती दारातच थांबली. ते पान तिने नऊ तारखेनंतर पाहिलं नव्हतं. नोंदी पुढच्या पानावर गेल्या होत्या.

“चूक झाली ती,” अप्पा खालच्या ओळींवर हात टेकवून म्हणाले. “मारलीय रेघ. बघा.”

“हो, बरोबर आहे. सही पण आहे.” मयूरने पान उलटलं. “व्यवस्थित ठेवलंय रजिस्टर. सगळ्यांचं असं नसतं.”

तो गेल्यावर तिने रजिस्टर उचललं. चौथ्या प्लॉटवर पट्टीने मारलेली एक सरळ रेघ होती. खालचं सगळं वाचता येत होतं. शेजारी सही, २३ जानेवारी. पाचव्या प्लॉटवर, नवसाबाईंच्या ओळीवरही तशीच रेघ, तीच तारीख.

सहाव्या ओळीवर रेघ नव्हती. पेन्सिलीची अक्षरं निळ्या शाईने गिरवली होती. प्लॉट : ६, लहानू. औषध : साखरेची गोळी. ‘चारचं सॅम्पल झाल्यावर’ हे खोडलं होतं, नियमाप्रमाणे, एका रेघेने, आणि पुढे लिहिलं होतं : शेवटची मात्रा, ३१ जाने. रात्री.

आतून टीव्हीचा आवाज आला. सव्वाआठ होत होते.

ती आत गेली. अप्पा खुर्चीत होते. चहाचा कप त्यांनी संपवला होता, तळाशी काही उरलं नव्हतं. जाकीटवाले अजून आले नव्हते, जाहिरात चालू होती.

“अप्पा, सकाळची गोळी?”

“घेईन,” ते म्हणाले. तिच्याकडे न बघता. “शेखऱ्याचं अंग तरुण हाय, त्याला नाय झेपलं. माझं जुनं हाय. बघू या.”

मळ्यात जायचं होतं. तिन्ही नमुने देऊन झाले तरी आजचं पाणी सोडायचं होतं, झिपरू वाट बघत असणार होता. साधनाने रजिस्टर काखेतून काढून मांडीवर घेतलं आणि अप्पांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. या वेळेला ती इथे कधी बसली नव्हती. अप्पांनी चमकून पाहिलं आणि मग थोडं सरकून तिला पडदा नीट दिसेल अशी जागा केली. त्यांना बरं वाटलं होतं.

पांढरं जाकीट आलं. तिने पेनाचं टोपण काढलं, कोऱ्या पानावर माळ्यावरच्या वहीसारखी तारीख घातली आणि ऐकायला लागली.